मूठभर कोंडा

करामा, दुबई
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय कॅमिलामावशी,

बघ, नाव नीट लिहिलंय. सगळं गिरीज तुला दगडीमावशी म्हणतं आणि तू प्रत्येकाला धारेवर धरतेस, म्हणून पाकिटावरही मोठ्या अक्षरात कॅमिला घातलंय. पत्र आपल्या गावच्या हिलरीच्या हाती देतेय. विमान कंपनीत असल्यामुळे तो अधूनमधून वसईला डोकावतो. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि शेजारच्या अ‍ॅशलेमार्फत ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

मला पाचवा महिना लागलाय.

लगेच चर्चमध्ये मेणबत्ती लावायला पळू नकोस. कुणालाही सांगू नकोस. ऑस्करला आणि डॉक्टरीणबाईंना माहीत आहे, बाकी कुणाला नाही. मावशी, मला फार भीती वाटते. पहिली आली आणि जेमतेम दोन दिवस राहिली, तू तिला मांडीवर घेतलं होतंस. दुसरा इथेच, सातव्या महिन्यात पोटातच गेला. आता हे तिसरं. दिवसभर हॉटेलच्या रिसेप्शनवर हसत उभी असते, 'वेलकम टू दुबई, सर' म्हणते, आणि एक हात काउंटरखाली पोटावर असतो. सारखी वॉशरूमला जाऊन बघते, रक्त दिसतंय का. नाही दिसलं की हायसं वाटतं, आणि परत काउंटरवर येईपर्यंत भीती पुन्हा सुरू झालेली असते. ऑस्कर महिनाभर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो. तिथे फोन लागला तर लागला.

तो काउंटरखालचा हात एकीने पाहिला. तिचं नाव फोलाशादे, सगळे शादे म्हणतात. नायजेरियाची आहे, योरुबा लोकांतली, आमच्या हॉटेलच्या एचआरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. बिल्डिंगही एकच आमची, ती खालच्या मजल्यावर. दुबईत इतकी वर्षं काढलीत की हिंदी आपल्याहून बरी बोलते. जवळ येऊन म्हणाली, "हबीबी, काउंटर के नीचे क्या ढूँढ रही हो? फाइल या बेबी?" मी तिथेच रडायला लागले.

तिने मला घरी नेलं. तिची आजी त्यांच्याकडच्या ओशुन नदीची भक्त होती. नदीलाच देवी मानतात, मूल देणारी. शादे स्वतः आपल्यासारखीच चर्चला जाते. म्हणते, "गोऱ्यांचं मिशन आलं आणि आज्यांना सांगितलं, तुमचं बाळंतपण म्हणजे अज्ञान आणि तुमची नदी म्हणजे सैतान. बायका हॉस्पिटलात गेल्या हे चांगलंच झालं, पण एकट्या गेल्या. गाणं, हात, माणसं सगळी दाराबाहेर राहिली." ती इथल्या नायजेरियन बायकांबरोबर बाळंतपणाला जाते. डॉक्टरांचं ऐकायचं, पण आपली माणसं, आपली गाणी सोडायची नाहीत, असं तिचं म्हणणं. त्यांच्यात प्रत्येकाच्या डोक्यात त्याचं नशीब राहतं. कठीण वेळ आली की डोकं धुऊन त्याला विनवायचं, माझ्यासोबत राहा. तिने पितळी वाडग्यातल्या पाण्याने माझं डोकं धुतलं, काहीतरी गुणगुणत होती. एक पिवळं कापड दिलं, पोटावर घेऊन झोप म्हणाली. मला कित्येक आठवड्यांनी झोप लागली.

पण एक गोष्ट तिने सांगितली ती डोक्यातून जात नाही. त्यांच्यात काही मुलांना अबिकू म्हणतात. तेच मूल पुन्हा पुन्हा येतं आणि पुन्हा पुन्हा जातं. आईचं मन ओळखतं आणि जातं. पूर्वी गेलेल्या बाळाच्या अंगावर खूण करून पुरायचे, परत आलं तर ओळखू यावं म्हणून. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं, दोष तिचा नाही.

मावशी, तेच असेल का गं?

माझा फोन लागला नाही तर असावा म्हणून तिचा नंबर खाली लिहिते.

तुझी
इनेज


गिरीज, वसई
२१ सप्टेंबर २०२४

प्रिय इनेज,

अनेक आशीर्वाद. पाचवा महिना, आणि मला आत्ता सांगतेस! बरं, ते भांडण नंतर.

त्या बाईपासून आधी दूर हो. पितळी वाडगा काय, पिवळं कापड काय, नदी काय! इनेज, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? दोनदा पोळलेल्या बाईच्या डोक्यावर कुणी कसलं पाणी ओतलं आणि तू मान खाली घालून बसलीस? नायजेरियाच्या लोकांबद्दल काय काय ऐकतो आपण. एचआरमध्ये असेल नाहीतर राजाची राणी असेल, चेटूक ते चेटूक. आणि त्या देशात जादूटोण्याला कायदा आहे, ऑस्करच सांगत होता, विमानतळावर लोकांचे ताईतसुद्धा काढून घेतात. कुणी तक्रार केली तर दोघींना धरतील. पोटुशी आहेस म्हणून कुणी सोडणार नाही.

कापड परत कर. हिलरीबरोबर आपल्या चर्चचं आशीर्वादित पाणी पाठवतेय, ते लाव. आणि बागेतल्या केळ्यांची उन्हात वाळवलेली थोडी सुकेळी आहेत, सगळी एकटीने खाऊ नकोस, उष्ण पडतात.

आता माझं नीट ऐक. बाळाचं काही विकत घेऊ नकोस. नाव ठरवू नकोस. कुणाला सांगू नकोस. आणि मुख्य म्हणजे वाईट काही तोंडातून काढू नकोस. मनात येईल ते येऊ दे, पण ओठावर आणायचं नाही, कुणाजवळही नाही. तोंडातून निघालं की खरं होतं.

आणि तेच मूल की काय, असलं विचारू नकोस मला. जपमाळ कर.

तुझी
कॅमिलामावशी

ता. क. नंबर लिहिलेलं पान फाडून टाकणार होते. त्यावरच तुझी सही होती म्हणून ठेवलं.


करामा
२४ ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशी,

तू सांगितलंस तसं केलं. कापड धुऊन, इस्त्री करून शादेच्या दारात नेऊन दिलं. म्हटलं, घरच्यांना नको आहे. तिने घेतलं. रागावली नाही, एवढंच म्हणाली, "ओके डियर. दरवाजा खुला है." तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटलो की मी मोबाइलमध्ये बघते. ती माझ्या पोटाकडे बघत नाही, मुद्दाम दुसरीकडे बघते. मला लाज वाटते मावशी. पण भीती लाजेहून मोठी आहे.

आता लिहिते ते शेवटपर्यंत वाच. स्कॅनला गेले होते. मुलगी आहे, असं ती मल्याळी सिस्टर बोलून गेली. सगळं नॉर्मल म्हणाली. मग हसली आणि म्हणाली, "बहुत शर्मीली है, कान पे हाथ रखके सो रही है."

आठवतं तुला? पहिली अशीच आली होती. डावा हात कानावर. तू तिला न्हाऊ घालताना म्हणालीस, हिला कुणाचं काही ऐकायचंच नाहीये. आपण हसलो होतो. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मी पडद्यावरून नजर काढली. सिस्टरने प्रिंट दिली, ती मी बॅगेत उलटी ठेवली, अजून बाहेर काढलेली नाही. ऑस्कर म्हणतो, "सगळी बाळं कानावर हात ठेवतात यार, रिलॅक्स." तो परवा पुन्हा प्लॅटफॉर्मवर गेला. आता माझी अवस्था अशी आहे की तिने लाथ मारली की आनंद होतो आणि लगेच वाटतं, आनंद दाखवू नये, तिला कळेल. तिला कळलं की जाईल. मी तिच्याशी बोलत नाही. पोटावरून हात काढून घेते. ज्या बाळासाठी जीव टाकते त्याच्यापासूनच लपून राहते.

तू विचारू नकोस म्हणालीस, तरी विचारते. आपल्याकडे अशी मुलं असतात असं कुणी मानायचं का? मानायचे तर काय करायचे? खरं सांग. धीर देण्यासाठी खोटं सांगू नकोस, मला ओळखू येतं.

तुझी
इनेज


गिरीज
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय इनेज,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज लिहायला बसले आणि रोज उठून केळीला पाणी सोडलं. बाग चिखल झालीय सगळी.

खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते. मानायचे. नाव दुसरं असेल, पण मानायचे.

माझ्याआधी माझ्या आईची तीन गेली, तिन्ही बाळंतिणीच्या खोलीतच. तुझी आई, देव तिला शांती देवो, माझ्यानंतरची, म्हणून तिला यातलं काही बघावं लागलं नाही. मी झाले तेव्हा आईने मला जवळ घेतलंच नाही. सुपात घातलं आणि सूप वाडीच्या फाटकाबाहेर नेऊन जेठी वारलिणीच्या हातात दिलं. जेठी आमच्या भाजीच्या वाफ्यांवर कामाला यायची, तिची सगळी पोरं धडधाकट. देताना आईला म्हणावं लागलं, ही माझी नाही, तुझी. जेठीने मला घेऊन विहिरीला फेरी घातली आणि नाव ठेवलं दगडी. दगडाला कोण उचलून नेणार? फादरनी कॅमिला म्हणून बाप्तिस्मा दिला तो त्यानंतर, आणि त्यांना यातलं काही सांगितलं नाही. असल्या गोष्टी पोर्तुगिजांच्या पाद्रींनी बंद केल्या होत्या म्हणे, पकडलं तर शिक्षा व्हायची. पोर्तुगीज कधीच गेले, पण लपवायची सवय राहिली. म्हणून फाटकाबाहेर.

मी दगडी या नावावर का चिडते, ते आता ऐक. रीत अशी आहे की मूल मोठं झालं, धोका टळला, की आईने त्या बाईला मूठभर कोंडा देऊन मूल परत घ्यायचं. भाताचा साधा कोंडा. पाचव्या वर्षी घ्यायचं ठरलं होतं. आईची हिंमत झाली नाही. म्हणाली, सातव्या वर्षी. मग म्हणाली, लग्न होऊ दे. तिने माझे लाड कमी केले नाहीत, ताटातला चांगला तुकडा माझा असायचा. पण 'माझी' म्हणाली नाही. 'जेठीची जेवली का?' 'जेठीचीला ताप आहे.' शेवटच्या आजारात मी तिचं सगळं केलं, आणि फादरना ती म्हणाली, ही जेठीची फार करते माझं. अशी मी जगले, आणि बघ, अजून जिवंत आहे, म्हणजे उपाय लागू पडला म्हणायचा.

तर तुझ्या त्या बाईचा वाडगा वाचून मी एवढी का उसळले, त्याचा विचार मी केला. आमच्या सुपाला पाद्री जे म्हणाले असते, तेच मी तिच्या वाडग्याला म्हटलं. तिला विचार, त्यांच्यात अशा मुलांना थांबवायला काय करतात. मी विचारलंय असं सांगू नकोस.

बाकी पथ्यं पाळ. वाईट बोलू नकोस.

तुझी
कॅमिलामावशी


करामा
१४ डिसेंबर २०२४

मावशी,

हिलरी नाताळसाठी आज निघतोय, टॅक्सी खाली उभी आहे, घाईत लिहिते.

शादेला मी विचारलं नाही. दारापर्यंत दोनदा गेले. कापड परत करून पुन्हा मागायला कसं जायचं?

मावशी, परवापासून तिचं हलणं कमी झालंय. काल थोडं होतं. आज सकाळपासून एकदाच, तेही मला वाटलं की खरं होतं, कळत नाही. गोड खाल्लं, डाव्या कुशीवर झोपले. काही नाही.

मी कुणाला सांगितलेलं नाही. ऑस्करचा फोन आला, त्याला म्हटलं ऑल गुड. मागच्या वेळी मीच सिस्टरला म्हटलं होतं, हलत नाहीये वाटतं. माझ्या तोंडून निघालं आणि तिने मशीन लावलं तर ठोका नव्हता. मी बोलले नसते तर, असं मला अजून वाटतं. वेडेपणा आहे, माहीत आहे. पण ते वाक्य पुन्हा माझ्या तोंडून निघत नाहीये. आरशासमोर उभी राहिले, तरी निघालं नाही. चेकअप सोमवारी आहे. सोमवारपर्यंत थांबते.

लिहिणं म्हणजे बोलणं नाही ना गं?

इनेज


गिरीज
१५ डिसेंबर २०२४

इनेज,

हे पत्र तुला कधी मिळेल माहीत नाही, हिलरी तर इथेच आहे. हातांना काहीतरी काम हवं म्हणून लिहितेय.

हिलरी विमानतळावरून थेट आला, पत्र देऊन चहाला बसला. मी वाचलं आणि चष्मा कुठे पडला कळलं नाही. अ‍ॅशलेला हाक मारली. तिने तुला फोन लावला. तू काय म्हणालीस? "सगळं ठीक आहे, मावशीला सांग काळजी करू नको." अ‍ॅशले मला ओरडून सांगते, ठीक आहे म्हणते ती! मी म्हटलं, खोटं बोलतेय. अ‍ॅशलेला वाटलं म्हातारीचं काहीतरी बिनसलंय. मी पत्र तिच्या तोंडासमोर धरलं. तिने पुन्हा फोन लावला तर तू उचलेनास. ऑस्करला लावला, तो लागलाच नाही.

मग मी ते पान काढलं. फाडणार होते ते.

अ‍ॅशलेने शादेला फोन लावला, पहिल्यांदा तिनेही उचलला नाही. रविवार, चर्चला असेल. दुसऱ्यांदा उचलला. मी अ‍ॅशलेच्या हातातून फोन ओढून घेतला. मला पलीकडचं ऐकू येणार नव्हतं, मला ऐकायचंही नव्हतं. मी मराठीत ओरडले, "बाय, माझ्या पोरीचं बाळ हलत नाहीये! ती सांगणार नाही! तू जा! तू आत्ता जा!" सगळ्या आळीने ऐकलं. मी मोठ्याने म्हटलं ते, तुझ्याऐवजी. आता काय खरं व्हायचं ते माझ्या माथी होऊ दे. अ‍ॅशलेने मग हिंदीत सांगितलं. शादे म्हणाली, जा रही हूँ, आणि फोन बंद झाला. त्यानंतर तुमचे दोघींचेही फोन नुसते वाजताहेत.

इनेज, मी तुला चुकीचं सांगितलं. बोलू नको, हे आईचं नव्हतंच, ते माझं. ती तीन गेल्यानंतरही गप्प बसणारी नव्हती. तुझी आई पोटात होती तेव्हा मी पाहिलंय, आई रोज सकाळी चुलीपुढे बसून पोटावर तळहात ठेवायची आणि मोठ्याने विचारायची, "आहेस का गं?" उत्तर येईपर्यंत उठायची नाही. एकदा आलं नाही तर ओलेत्याने सुइणीकडे धावली होती. हे मला आज आठवलं, तुझं पत्र हातात असताना. तुला सुपाचं लिहिलं, कोंड्याचं लिहिलं, आणि हे लिहायचं राहिलं.

अ‍ॅशले फाटकातून येतेय. तिच्या हातात फोन आहे. तिचा चेहरा मला इथून दिसत नाही.


गिरीज
३ जानेवारी २०२५

प्रिय इनेज,

हिलरी परत निघालाय. त्याच्याबरोबर त्या रविवारचं अर्धं राहिलेलं पत्र, एक सूप आणि कोंड्याची पिशवी देतेय. सूप नवं आहे, जेठीच्या नातवाने विणलेलं. हिलरी म्हणतो, विमानतळावर विचारलं तर काय सांगू? म्हटलं, खरं सांग, तांदूळ पाखडायचं आहे.

पोर अजून काचेच्या पेटीत आहे, नळीने श्वास घेते, एवढंच अ‍ॅशलेकडून कळतं. वजन दोन किलोच्या आत. माझं ज्या दिवशी फोनकडे लक्ष नसतं त्या दिवशी वाटतं, आजच काही झालं असेल. देवाची कृपा झाली आणि ती घरी आली, तर दारातच शादेच्या हातात दे. तिला सांग, दगडीमावशीने सांगितलंय. हो, तेच नाव सांग.

पण कोंडा फेकू नकोस. डब्यात भरून डोळ्यांसमोर ठेव. आणि वेळ आली की परत घे, इनेज. माझ्या आईसारखं करू नकोस. भीती वाटेल. वाटू दे, पण घे.

दगडीमावशी


करामा
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

आहे. आधी हे लिहिते आणि मग बाकीचं.

ती घरी आली, दूध पिते, रडते, आत्ता माझ्या उजव्या हाताखाली झोपलीय, म्हणून अक्षर असं आलंय. फोनवर अ‍ॅशलेने जे सांगितलं त्यापलीकडचं आज लिहिते.

त्या रविवारी बेल वाजली. दारात शादे, चर्चच्या कपड्यांत, डोक्याला तो मोठा फेटा, धापा टाकत. हातात ना वाडगा ना कापड. आत आली, मला पलंगावर बसवलं आणि दोन्ही तळहात माझ्या पोटावर ठेवले. म्हणाली, "मेरी ग्रॅनी पहले यही करती थी. पानी बाद में. कब से?" पुन्हा, "इनेज, कब से?" मी मान हलवली. तिने माझी हनुवटी धरली. मग म्हणाली, "तेरी आंटी इतनी जोर से चिल्लाई, पूरे चर्च ने सुना. मराठी में. मैं एक वर्ड नहीं समझी, और सब समझ गई." मला हसू फुटलं, आणि हसता हसता ते वाक्य बाहेर पडलं. हलत नाहीये. तीन दिवस झाले. मी मोठ्याने म्हटलं आणि पोटात काही तुटलं नाही. "यल्ला, चलो," म्हणाली ती आणि मला उचलूनच नेलं म्हण ना.

टॅक्सीत ती माझ्या पोटाशी बोलत होती, त्यांच्या भाषेत. हॉस्पिटलात मशीन लावलं. मी डोळे मिटून घेतले. ठोका होता, मावशी. मंद, अडखळत, पण होता. नाळ मानेला दोन वेढे. डॉक्टर म्हणाल्या, सोमवारपर्यंत थांबला असता तर, आणि सहीचा कागद पुढे केला. ऑपरेशनच्या दारापर्यंत शादेने हात सोडला नाही. तिला आत येऊ देईनात, तर ती दारात उभी राहून गायला लागली. नर्सनी गप्प करायला बघितलं, मग त्यांनीही नाद सोडला. मला आतपर्यंत ऐकू येत होतं.

पोर बाहेर आली तेव्हा निळी होती आणि डावा हात कानावर. मी तो हात पाहिला आणि पुन्हा तीच भीती. शादेला नंतर काचेतून दाखवला, विचारलं, तीच आहे का? शादे काचेशी वाकली. म्हणाली, "हो सकता है. तो क्या? वापस आई है तो बोल ना उसको, रुक जा." त्यांच्यात अशा मुलांना नावाने विनवतात. आठव्या दिवशी बाळाला मध आणि मीठ चाटवून नाव ठेवायची पद्धत आहे. त्या पेटीत कुठला मध! आणि एवढ्या लहानाला मध वाईटच, असं शादेच म्हणाली. तिने माझ्या जिभेवर लावला. मग काचेला ओठ टेकून म्हणाली, "मालोमो." म्हणजे, पुन्हा जाऊ नकोस. ऑस्कर शेजारी उभा होता, हेलिकॉप्टरने आला तसाच, बूट घातलेला. त्यानेही काचेला तोंड लावून तेच म्हटलं, चुकीच्या उच्चारात.

सूप आलं. घरी आलो त्या दिवशी लिफ्टमधून बाहेर पडलो तर शादे आमच्या दारात उभी. मी बाळाला सुपात ठेवलं आणि म्हटलं, ही माझी नाही, तुझी. मावशी, लिहिताना सोपं वाटतं. तू हे लिहिलंस तेव्हा मला तुझं वाईट वाटलं होतं. दारात उभी राहिले तेव्हा तुझ्या आईचं वाटलं. शादेने सूप घेतलं, घरभर फिरवलं, स्वयंपाकघर, बाल्कनी, वॉशिंग मशीन, सगळं तिला दाखवलं, आणि नाव विचारलं. मी सांगितलं, दगडी. तिला अर्थ सांगितला तर ती इतकी हसली की ऑस्करने येऊन सूप धरलं. कागदोपत्री कॅमिला आहे.

तेव्हापासून मी 'माझी' म्हटलं नाही. शादे रोज फोन करते. तुझी आई चुलीपुढे विचारायची ते, तू पत्रात लिहिलेलं, मी तिला शिकवलंय, म्हणून मराठीतच विचारते, "माझी मुलगी आहे का?" मी सांगते, आहे. दूध प्यायली का? प्यायली. जशी मी तिची आया. आणि रोज डब्यातला कोंडा दिसतो. ठरवलं होतं, बाप्तिस्मा होऊ दे. मग म्हटलं, सहा महिने होऊ देत. मग म्हटलं, पाय फुटू देत. असं ठरवत असताना एकदम लक्षात आलं की हे कुणाचं बोलणं आहे.

काल शादेचा फोन आला. "माझी मुलगी आहे का?" आणि माझ्या तोंडून निघालं, "आहे. माझी आहे." मी तोंडावर हात दाबला आणि पाळण्याकडे धावले. ती जागी होती. कानावरचा हात काढून तिने मुठीत माझी वेणी धरली. फोनमधून शादे म्हणाली, "खलास. तो कोंडा लेके आओ." आज संध्याकाळी ऑस्कर आणि मी बाळाला घेऊन खाली गेलो. मी मूठ भरून तिच्या ओंजळीत टाकली. अर्धा कोंडा लादीवर सांडला. शादे म्हणाली, चलेगा. ती रडत होती, मला वाटतं मुलगी परत द्यावी लागली म्हणून.

भीती गेली असं समजू नकोस. मी आत्ताही दर ओळीनंतर तिच्या छातीवर हात ठेवते. पण आता मोठ्याने विचारते.

पिशवीत अजून कोंडा उरलाय. त्यातली एक मूठ मी वेगळ्या डबीत ठेवलीय. मे महिन्यात बाप्तिस्म्याला येतोय, शादेसुद्धा येणार आहे. आल्या आल्या तू मला जेठीच्या नातवाच्या पाड्यावर घेऊन जायचंस. तुझ्या आईच्या वतीने ती मूठ मी त्याच्या हातात देईन आणि तुला परत घेईन.

तुझी
इनेज